घराचे वय सगळे विचारतात. गावाचे वय कोण सांगणार?

प्रति,
शहरालगतच्या जुन्या, स्थिरावलेल्या गावांचा कारभार पाहणाऱ्या स्थानिक परिषदांचे अध्यक्ष आणि सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

शहर चहूबाजूंनी वाढत आले तरी आपले नाव, आपली वेस आणि आपला कारभार राखून असलेल्या एका गावात मी २३ वर्षांपूर्वी घर विकत घेतले. ते घेताना माझ्या हातून एक चूक झाली. तीच चूक माझ्यानंतर येथे राहायला आलेल्या जवळपास प्रत्येकाने केली, आणि ती टाळण्याचा उपाय खरेदीदाराच्या हाती नसून आपल्या दप्तरात आहे, म्हणून हे पत्र खासगीत न धाडता खुले लिहीत आहे.

घर मी बारकाईने पाहिले होते. जाणकार स्थापत्य अभियंत्याला सोबत नेऊन पाया, छप्पर, भिंतींतली ओल, विजेची जोडणी आणि नळ तपासून घेतले होते. मालकीची कागदपत्रे वकिलाकडून वाचून घेतली होती. गाव मात्र मी पाहुण्याच्या नजरेने पाहिले. संध्याकाळी एक चक्कर मारली, रस्त्याच्या दुतर्फा उभ्या असलेल्या जुन्या झाडांची सावली पाहिली, शाळेचे आवार पाहिले, सायकली दामटणारी मुले आणि फाटकाशी उभे राहून गप्पा मारणारे शेजारी पाहिले, आणि येथे सगळे जागच्या जागी बसलेले आहे अशा समाधानात परतलो. तिसऱ्या वर्षी आमच्या रस्त्याखालची सांडपाण्याची मुख्य वाहिनी खचली. रस्ता अकरा महिने खणलेला राहिला, सखल बाजूच्या घरांत घाण पाणी शिरले, आणि दुरुस्तीपोटी प्रत्येक घरावर विशेष आकारणी बसली. ती वाहिनी जीर्ण झाल्याची नोंद परिषदेच्या दप्तरात नऊ वर्षे पडून होती, हे त्या वेळी कळले. कोणी ती लपवली नव्हती. ती सांगण्याचे काम कोणाकडेच नव्हते, एवढेच.

आपल्याकडे माझे मागणे एकच आहे. आपल्या हद्दीतले घर विक्रीला निघाले, की त्या घराच्या खरेदीदाराला परिषदेने गावाच्या प्रकृतीचा एक दाखला द्यावा. ज्या वाहिन्या, रस्ते, झाडे आणि शाळा यांच्या भरवशावर तो आयुष्याची पुंजी लावणार आहे, त्यांचे वय काय, अवस्था काय आणि पुढच्या पंधरावीस वर्षांत त्यांच्यावर किती खर्च येणार आहे, एवढे त्यात असावे.

हे मागणे स्थिरावलेल्या गावांपुढेच का मांडतो आहे, ते सांगणे भाग आहे. अगदी नव्या वसाहतीत घर घेणाऱ्याला पुढे अडचणी येणार हे ठाऊक असते. रस्ता कच्चा दिसतो, झाडे काठीएवढी असतात, पाण्याचा टँकर दारात उभा असतो. स्थिरावलेल्या गावात यातले काहीच दिसत नाही, आणि नेमके त्याचेच जास्तीचे पैसे खरेदीदार मोजतो. पण ‘स्थिरावलेले’ या शब्दाचा आणखी एक अर्थ आहे, आणि तो विक्रीच्या वेळी कोणीच उच्चारत नाही. शहरालगतची बहुतेक गावे हळूहळू, शतकानुशतके वाढलेली नसतात. जुने मूळ गाव लहानसे असते, आणि त्याभोवतीची घरे, रस्ते, वाहिन्या, झाडे हे सगळे रेल्वे आली, मोठा रस्ता झाला किंवा एखाद्या जमीनमालकाने जमीन विकायला काढली, की दहावीस वर्षांच्या एकाच लाटेत उभे राहते. एकाच वेळी उभे राहिलेले एकाच वेळी म्हातारे होते. शिकागोजवळच्या रिव्हरसाइडचा आराखडा फ्रेडरिक लॉ ओल्मस्टेड आणि कॅल्व्हर्ट व्हॉक्स यांनी १८६९ मध्ये केला. वळणावळणाचे रस्ते, नदीकाठची मोकळी जमीन आणि लोकवस्तीच्याही आधी आखलेला पाण्याचा निचरा यांसाठी ते गाव आजही वाखाणले जाते. ते वसवणारी कंपनी मात्र १८७३ च्या आर्थिक संकटात बुडाली. वाहिन्या जमिनीत राहिल्या आणि त्यांची निगा राखण्याची जबाबदारी पुढे गावावर आली. वसवणारा निघून जातो आणि राहणारा निस्तरतो, हा क्रम तेव्हापासून फारसा बदललेला नाही.

झाडांचेच घ्या. सारख्या उंचीच्या, एकाच जातीच्या झाडांची रांग हे जुन्या उपनगरी गावाचे सर्वांत मोठे वैभव, आणि घराच्या जाहिरातीतले पहिले छायाचित्रही त्याचेच असते. अमेरिकेतल्या असंख्य गावांनी रस्त्यांच्या दोन्ही बाजूंना एल्म लावले होते. वर फांद्या एकमेकींत गुंतून कमान होत असे. १९३० मध्ये तेथे एल्मवरचा बुरशीजन्य रोग पोहोचला. तो भुंग्यांमार्फत पसरतोच, पण शेजारशेजारच्या झाडांची मुळे जमिनीखाली एकमेकांना जुळलेली असल्याने मुळांवाटेही पसरतो, त्यामुळे जी रांग शोभेसाठी लावली तीच रोगाची वाट ठरली. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकाच्या अखेरीस त्याच रोगाची अधिक घातक लाट आली आणि तिने अडीच कोटींहून अधिक एल्म गिळले. खरी चुटपुट लावणारी गोष्ट पुढची आहे. अमेरिकेतल्या अनेक गावांनी मेलेल्या एल्मच्या जागी पुन्हा एकाच जातीची, म्हणजे ॲशची, झाडे लावली, आणि २००२ मध्ये डेट्रॉइटच्या परिसरात ॲश पोखरणारा हिरवा भुंगा सापडला. एकाच घराने एकाच रस्त्यावर दोनदा सावली गमावली. फ्रँक सांतामोर या वनस्पतिशास्त्रज्ञाने १९९० मध्ये एक सोपा आडाखा मांडला होता, की गावातल्या झाडांत एका जातीची १० टक्क्यांहून, एका प्रजातिगटाची २० टक्क्यांहून आणि एका कुळाची ३० टक्क्यांहून अधिक झाडे असू नयेत. आपल्या गावातली टक्केवारी काय आहे, हे उद्यान विभागाला एका आठवड्यात सांगता येईल. खरेदीदाराला ती आयुष्यभर कळत नाही.

झाडांचा संबंध पायाशीही आहे. चिकणमातीची जमीन पाणी धरते तेव्हा फुगते आणि सुकते तेव्हा आक्रसते. मोठे झाड उन्हाळ्यात तिच्यातले पाणी ओढून घेते. १९७६ च्या भीषण कोरड्या उन्हाळ्यानंतर इंग्लंडच्या आग्नेय भागातील चिकणमातीवरच्या कितीतरी घरांना तडे गेले, आणि घर खचण्याचे दावे विमा कंपन्यांकडे मोठ्या संख्येने येऊ लागले. म्हणून कोणी झाडे तोडावीत असे मी म्हणत नाही. जमीन कोणती आणि झाड कोणते, हे घर घेण्याआधी कळावे, इतकेच म्हणतो.

वाहिन्यांविषयी मला जरा सविस्तर लिहू द्यावे, कारण हा विषय मी स्वखर्चाने शिकलो आहे. जुन्या गावात जमिनीखाली निदान तीन पिढ्यांचे साहित्य नांदत असते. बिडाचे पाण्याचे नळ माती अनुकूल असेल तर शंभर वर्षे टिकतात आणि प्रतिकूल असेल तर त्याच्या निम्म्या काळातही फुटू लागतात. विसाव्या शतकाच्या मध्यावर स्वस्त म्हणून ॲसबेस्टॉस मिसळलेल्या सिमेंटचे नळ ठिकठिकाणी घातले गेले, तेही आता वयाच्या टोकाला आले आहेत. सांडपाण्याच्या भाजलेल्या मातीच्या वाहिन्या स्वतः फारशा झिजत नाहीत, पण त्यांचे जुने सांधे सिमेंटने कडक बांधलेले असतात. जमीन थोडी हलली की सांधा तडकतो, त्या फटीतून झाडाचे मूळ आत शिरते, मुळाला मैला अडकतो आणि एका रात्री तुंबलेले पाणी घरात येते. त्यात पावसाचे पाणी आणि सांडपाणी एकाच वाहिनीतून नेण्याची जुनी पद्धत असेल, तर दर मोठ्या पावसात संकट ठरलेले. वाहिनी आखताना अंगणे मोकळी होती आणि पाणी जमिनीत मुरत होते. आज गाड्या लावण्यासाठी अंगणे फरशीने बंद झाली आहेत, आणि प्रत्येक अंगणातले पाणी त्याच जुन्या वाहिनीकडे धावते. इंग्लंडमध्ये २००८ पासून घरासमोरच्या अंगणात पाच चौरस मीटरपेक्षा अधिक जागेवर पाणी न मुरणारी फरशी घालायची, आणि तिच्यावरचे पाणी बागेत वा मुरणाऱ्या जागेत सोडायचे नसेल, तर परवानगी घ्यावी लागते. हा नियम मला फार शहाणपणाचा वाटतो, कारण शेजाऱ्याच्या अंगणाचा माझ्या घराशी असलेला संबंध त्यात मान्य केलेला आहे.

शिवाय वाहिनी कोणाची, हा प्रश्न वेगळाच. इंग्लंड आणि वेल्समध्ये अनेक घरांची मिळून असलेली वाहिनी कित्येकदा त्या घरमालकांच्या सामाईक मालकीची असे, आणि ती फुटून पाणी दारात येईपर्यंत मालकांना त्याचा पत्ताही नसे. अखेर १ ऑक्टोबर २०११ रोजी अशा बहुतेक वाहिन्या पाणी कंपन्यांकडे सोपवण्यात आल्या. आपल्या गावात कोणती वाहिनी कोणाची आहे, हे आपण एका नकाशावर दाखवू शकाल का? मी आमच्या परिषदेला हे विचारले तेव्हा मला दोन नकाशे मिळाले, आणि दोन्हींत माझ्या घरापुढची रेघ वेगवेगळ्या बाजूने जात होती.

माणसांचेही वय सारखेच असते. एका लाटेत आलेली तरुण कुटुंबे एका लाटेत मुले वाढवतात. शाळेत जागा पुरत नाही म्हणून वर्ग वाढवले जातात, आणि वीस वर्षांनी तेच वर्ग ओस पडतात. त्यानंतर घरे विकली जातात, नवी तरुण कुटुंबे येतात आणि शाळा पुन्हा भरू लागते. ज्याने शाळेसाठी म्हणून येथे घर घेतले, त्याने या फेऱ्यात आपले मूल कोठे बसते हे पाहिलेले नसते, कारण शाळेची आजची पटसंख्या त्याला सांगितली जाते, पुढच्या दहा वर्षांचा अंदाज सांगितला जात नाही.

आता पैशांविषयी. घराच्या किमतीत गाव मिसळलेले असते, हे नुसते बोलण्यापुरते नाही. अर्थशास्त्रज्ञ वॉलेस ओट्स यांनी १९६९ मध्ये न्यू जर्सीच्या ईशान्य भागातील ५३ नगरपालिकांच्या हद्दींतील घरांच्या किमती तपासल्या, आणि शाळेवर जास्त खर्च करणाऱ्या ठिकाणी किमती वर जातात, मालमत्ता कर जास्त असेल तेथे त्या खाली येतात, असे त्यांना आढळले. म्हणजे गावाचे चांगलेपण विक्रेत्याच्या खिशात रोखीने जमा होते. खरेदीदाराने ते द्यायलाही हरकत नाही, मीही दिले. पण बाजाराला जे ठाऊक असते तेच किमतीत उतरते. जमिनीखालची जीर्ण वाहिनी किंवा पाच वर्षांनी येणारी विशेष आकारणी कोणालाच ठाऊक नसेल, तर ती किमतीत उतरत नाही, आणि मग चांगल्याचे पैसे विकणाऱ्याला व वाईटाचे बिल घेणाऱ्याला, अशी वाटणी होते. स्थिरावलेल्या गावात ही वाटणी अधिकच अन्यायाची ठरते, कारण ज्यांनी ती वाहिनी चाळीस वर्षे वापरली आणि दुरुस्तीसाठी कर वाढवू दिला नाही, तेच घर विकून निघून जातात. हे लिहिताना मी स्वतःला वगळत नाही. दोन वेळा करवाढीच्या विरोधातल्या अर्जावर माझी सही आहे.

आपण यावर काय म्हणाल याची मला कल्पना आहे. असा दाखला दिला तर घरांच्या किमती पडतील आणि मतदार आमच्या दाराशी येतील, हे आपले पहिले उत्तर असेल. किमतींची राखण करणे हे परिषदेचे काम आहे असे मानण्याची परंपरा जुनी आहे. क्लीव्हलँडला लागून असलेल्या युक्लिड या गावाने १९२२ मध्ये जमिनीच्या वापराचे विभाग पाडले, तेथे ६८ एकर जमीन बाळगून असलेली एक कंपनी त्याविरुद्ध न्यायालयात गेली, आणि १९२६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गावाच्या बाजूने कौल दिला. त्या निकालात स्वतंत्र घरांच्या वस्तीत शिरणाऱ्या सदनिकांच्या इमारतीला चक्क बांडगूळ म्हटले आहे. एका गावाच्या परिषदेने केलेला नियम त्या निकालामुळे साऱ्या देशासाठी वाट मोकळी करणारा ठरला. शेजारी काय उभे राहील याची हमी देण्यात आपण शंभर वर्षे खर्ची घातली आणि पायाखाली काय सडते आहे त्याकडे पाहिले नाही, अशी माझी तक्रार आहे. आणि सदनिका नकोत म्हणून घरांची संख्या गोठवली, की त्याच जुन्या वाहिन्यांच्या दुरुस्तीचा भार वाटून घ्यायला माणसेही तेवढीच राहतात, हे आपल्या हिशेबनीसाने आपल्याला सांगितले असेलच.

किमतींची भीती मला खोटी वाटत नाही, पण ती अपुरी वाटते. वाईट बातमी दप्तरात ठेवल्याने ती बरी होत नाही. ती वाहिनी फुटण्याच्या दिवशी बाहेर येते, आणि त्या दिवशी पडणारी किंमत दाखल्यामुळे पडणाऱ्या किमतीपेक्षा फार जास्त असते. आमच्या रस्त्यावर ते साऱ्यांनी पाहिले आहे. उलट ज्या गावाने आपल्या वाहिन्या वेळेवर बदलल्या, त्या गावाला आज त्याचे श्रेय किमतीत मिळत नाही, कारण तेही कोणाला दिसत नाही.

हा दाखला म्हणजे काही नवल नाही. त्याचे तुकडे जगात ठिकठिकाणी रुळलेले आहेत. इंग्लंडमध्ये घर घेण्याआधी खरेदीदाराचा वकील स्थानिक प्राधिकरणाकडे ठरावीक प्रश्नावली धाडतो आणि समोरचा रस्ता सार्वजनिक आहे का, जवळपास कोणत्या रस्त्यांच्या योजना आहेत, बांधकामावर काही कारवाई चालू आहे का, अशा प्रश्नांची लेखी उत्तरे मिळवतो. फ्रान्समध्ये २००६ पासून विक्रेत्याला पूर, भूकंप आणि औद्योगिक धोक्यांविषयीचे निवेदन कागदपत्रांना जोडावे लागते. अमेरिकेत १९७८ पूर्वी बांधलेले घर विकताना शिसेमिश्रित रंगाबद्दल ठाऊक असलेली माहिती देणे बंधनकारक आहे. नेदरलँड्समध्ये करासाठी ठरवलेले घराचे मूल्य २०१६ पासून कोणालाही संगणकावर पाहता येते. यातल्या एकाही देशात त्यामुळे घरांची खरेदी-विक्री थांबलेली नाही. उणीव इतकीच, की या साऱ्यांचा रोख घरावर, धोक्यावर किंवा परवानगीवर आहे. गावाच्या सामाईक मालमत्तेचे वय आणि तिच्यावर येणारा खर्च एका जागी कोठेच वाचायला मिळत नाही.

दाखल्यात काय असावे हे मी आपल्याला शिकवणे योग्य नाही. समोरच्या रस्त्याखालच्या प्रत्येक वाहिनीचे साहित्य, ती घातल्याचे वर्ष आणि शेवटच्या तपासणीचा निष्कर्ष, पुढच्या काळात येऊ घातलेल्या आकारण्या, झाडांची जात आणि अंदाजे वय, शाळेच्या पटाचा अंदाज, आणि परिषदेवरचे कर्ज दर घरामागे किती, एवढे दोन पानांत मावते. जेथे माहिती नाही तेथे ‘नोंद उपलब्ध नाही’ असे स्पष्ट लिहावे. त्या तीन शब्दांचाही खरेदीदाराला उपयोग असतो, कदाचित सर्वाधिक. सध्याच्या घरमालकांनाही दरवर्षी कराच्या बिलासोबत हेच पान धाडले, तर करवाढीविषयीच्या सभेत आरडाओरडा थोडा कमी होईल, अशी माझी भाबडी आशा आहे.

दुरुस्तीचा पैसा कोठून येणार, या प्रश्नावर लेचवर्थचे उदाहरण मला नेहमी आठवते. एबेनेझर हॉवर्ड यांच्या कल्पनेतून १९०३ मध्ये लंडनच्या उत्तरेला वसवलेल्या या उद्यान-नगरीत मूळ विचार असा होता, की वस्ती वाढल्याने जमिनीचे जे मोल वाढते ते वस्तीचेच असावे आणि तिच्यावरच खर्च व्हावे. मधल्या काळात मालकीवरून बरीच ओढाताण झाली, पण १९९५ पासून तेथील जमिनीचे आणि इमारतींचे उत्पन्न एका विश्वस्त संस्थेकडे येते आणि ते गावातच खर्च होते. प्रत्येक गावाला ते जमणार नाही. जमीन आधीच वाटली गेलेली असते. तरी घर विकले जाताना जी वाढीव किंमत विक्रेत्याला मिळते, तिच्यातला अगदी लहान वाटा वाहिन्यांच्या निधीत जावा, असा ठराव विचारात घेण्यासारखा आहे. मी विक्रेता होणार आहे हे ध्यानात ठेवून हे लिहीत आहे.

कारण येत्या वर्षी माझे घर विक्रीला निघेल. जिने आता झेपत नाहीत. जो कोणी ते पाहायला येईल त्याला देण्यासाठी मी स्वतःच चार पानांचा कागद तयार केला आहे. त्यात आमच्या रस्त्याखालची नवी वाहिनी घातल्याचे वर्ष आहे, त्या अकरा महिन्यांची हकिगत आहे, फाटकासमोरचे झाड दोन वर्षांपूर्वी एका बाजूने वाळू लागले आहे ही नोंद आहे, आणि ज्या दोन नकाशांचा वर उल्लेख केला ते दोन्ही जोडले आहेत. तिसऱ्या पानावर पिण्याच्या पाण्याचा मुख्य नळ कोणत्या साली घातला, त्याची जागा मला कोरी सोडावी लागली. ते साल आमच्या परिषदेच्या दप्तरात असेल तर कृपया कळवावे, आणि नसेल तर तसे लेखी द्यावे, म्हणजे मी तेच तेथे लिहीन.

आपला नम्र,
एक रहिवासी आणि करदाता